माणसाच्या उंचीला बारा हजार जागा, भाताच्या उंचीला एकच. असं का?

घणसोलीकर

बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मेंडेलचा वाटाणा शिकवताना झाड उंच नाहीतर बुटकं, मधलं काही नाही आणि दुसऱ्या पिढीत तीनास एक. दोनच पानं उलटली की माणसाची उंची येते. तिथे अनेक जनुकं, प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा आणि घंटेच्या आकाराचा आलेख. गुण दोन्हीकडे एकच, उंची. मग एकीकडे एक जनुक आणि दुसरीकडे हजारो, असं का? पाठ्यपुस्तक याबद्दल काही बोलत नाही. माझ्या मते या विषयाचा गाभाच तिथे आहे, म्हणून हा धागा.

आधी दोन्ही टोकं बघू. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे ५४ लाख माणसांचा डीएनए तपासून उंचीशी निगडित १२,१११ जागा सापडल्या. युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतला जवळपास ४० टक्के फरक या सगळ्या जागा मिळून सांगता येतो, इतर वंशांत १० ते २० टक्केच. आता भात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ‘पेटा’ हे इंडोनेशियाचं उंच भात आणि ‘डी-जिओ-वू-जेन’ हे तैवानचं बुटकं भात यांचा संकर केला. दुसऱ्या पिढीत रोपं सरळ तीनास एक अशी वेगळी पडली. त्यातूनच १९६६ ला आयआर-८ हे बुटकं वाण आलं. बुटकेपणाच्या त्या जनुकाला एसडी-१ म्हणतात, आणि डीएनएमध्ये ते नेमकं कुठलं हे २००२ मध्ये कळलं.

माझं म्हणणं असं की ‘जनुकाचा परिणाम मोठा’ आणि ‘लोकसंख्येतल्या फरकात जनुकाचा वाटा मोठा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या सतत एक धरतो आणि तिथेच गोंधळ होतो.

गणित करूनच दाखवतो, अवघड नाही. पुरुषांच्या उंचीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती उंची किती पसरते त्याचं माप, साडेसहा सेंटिमीटर धरा. त्याचा वर्ग, म्हणजे प्रचरण, साधारण ४२. एखाद्या जनुकाचा त्यातला वाटा काढायचा तर (‘रूप’ म्हणजे जनुकाचा एक प्रकार, आणि प्रत्येकात जनुकाच्या दोन प्रती असतात): २ × त्या रूपाचं प्रमाण × उरलेल्या रूपाचं प्रमाण × एका प्रतीच्या परिणामाचा वर्ग.

अकॉन्ड्रोप्लेजिया हा खुजेपणाचा जनुकीय प्रकार घ्या. एफजीएफआर-३ जनुकात एक अक्षर बदलतं आणि उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास घटते. उंचीवर एका अक्षराचा याहून मोठा परिणाम क्वचितच दिसेल. पण असं बाळ साधारण २५,००० जन्मांत एक. म्हणजे १६०० भागिले २५,०००, आलं ०.०६४. ४२ पैकी ०.०६४ म्हणजे ०.१५ टक्का. परिणाम प्रचंड, वाटा नगण्य.

आता एका प्रतीला ५ सेंटिमीटर कमी करणारं एखादं रूप ३० टक्के प्रमाणात आहे अशी कल्पना करा. २ × ०.३ × ०.७ × २५ = १०.५. हा झाला ४२ चा चौथा हिस्सा! म्हणजे परिणाम आठपट लहान, पण रूप सर्वत्र पसरलेलं असल्यामुळे वाटा दीडशेपटीहून मोठा.

आणि शेवटचं टोक: एखाद्या खाचरात सगळंच आयआर-८ लावलं असेल, तर ‘उरलेल्या रूपाचं प्रमाण’ शून्य आणि वाटाही शून्य. बुटकं झालेलं प्रत्येक रोप एसडी-१ मुळेच बुटकं आहे, तरी त्या खाचरातल्या कमीजास्त उंचीशी एसडी-१ चा काही संबंध उरत नाही. तो फरक खताचा, पाण्याचा, बांधाच्या सावलीचा.

म्हणून ‘या गुणात या जनुकाचा वाटा किती’ या प्रश्नाआधी ‘कुठल्या लोकसंख्येत’ हे विचारावंच लागतं. जाणकारांनी भर घालावी.

पेशीकेंद्र

धागा उत्तम, गणितही नेमकं आहे. मी घोडबंदर रोडला राहतो, काम याच क्षेत्रात.

तुमच्या सूत्रात खरी उदाहरणं घालून बघता येतात. एचएमजीए-२ हे माणसाच्या उंचीचं २००७ मध्ये सापडलेलं पहिलं ‘सर्रास आढळणारं’ जनुक. एका प्रतीला सुमारे ०.४ सेंटिमीटर, आणि रूप जवळपास निम्म्या प्रमाणात. २ × ०.५ × ०.५ × ०.१६ = ०.०८. म्हणजे वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २०२० मध्ये पेरूत एफबीएन-१ जनुकाचं एक रूप सापडलं. तिथे एका प्रतीला २.२ सेंटिमीटर उंची घटते आणि प्रमाण साधारण ५ टक्के. गणित करा, १ टक्क्याच्या आसपास येतं. इतक्या सर्रास आढळणाऱ्या रूपांत हा परिणाम फार मोठा समजला जातो.

मग तुमचं ३० टक्क्यांवालं काल्पनिक रूप माणसात का सापडत नाही? कारण निवड. १९३० मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने मांडलेला मुद्दा आहे की बदल जितका मोठा, तितकी तो हितकारक असण्याची शक्यता कमी. शरीराची बरीचशी घडी आधीच जमलेली असते, मोठा धक्का ती बहुधा विस्कटतो. असं रूप पिढ्यान्‌पिढ्या मागे पडतं आणि विरळ होतं. लहानसहान परिणामांची रूपं निवडीच्या नजरेतून निसटतात आणि साठत राहतात. फिशरनेच १९१८ मध्ये दाखवून दिलं होतं की मेंडेलचे नियम पाळणारी पुष्कळ जनुकं एकत्र आली की मापात येणाऱ्या गुणांचा सलग आलेख आपोआप तयार होतो. त्याआधी पिअर्सनचा (सलग गुण मोजणारा) गट आणि बेटसनचा (मेंडेलवादी) गट यावरून वर्षानुवर्षं भांडत होता.

भातात आणि कुत्र्यांत मात्र निवड माणसाने केली. रानात ज्या रूपाचा निभाव लागला नसता, त्याला खत, कुंपण आणि दोन वेळचं अन्न मिळालं. कुत्र्यांच्या आकारावर आयजीएफ-१ या एकाच जनुकाचा मोठा पगडा आहे, हे २००७ मध्ये दिसलं. पण लहान आकाराचं ते रूप माणसाने घडवलेलं नाही. सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषातही ते सापडलं आहे. इतकी वर्षं ते थोड्या प्रमाणात टिकून होतं, माणसाने फक्त उचलून धरलं.

सागरिका_वाशी

सर, फार सोपं करून सांगितलंत. माझा प्रश्न व्यवहारातला आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, वर्गात सगळ्यात लहान दिसतो. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की लाळेची जनुकीय चाचणी करा, मोठेपणी उंची किती होईल ते कळेल. रक्कम बरीच आहे. करावी का?

पेशीकेंद्र

ताई, एवढ्या कारणासाठी करू नका. या चाचण्या त्या हजारो जागांची बेरीज करून आकडा देतात आणि ती बेरीज मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बसवलेली आहे. वर घणसोलीकरांनी दिलंच आहे की इतर वंशांत ती १० ते २० टक्केच फरक सांगते. तुमची आणि यजमानांची उंची मोजून सरासरी काढलीत आणि मुलगा म्हणून त्यात साडेसहा सेंटिमीटर मिळवलेत तर बरा अंदाज येईल, तोही फुकट.

बालरोगतज्ज्ञांकडे मात्र जरूर जा. ते वाढीचा तक्ता काढतील, वर्षाला किती सेंटिमीटर वाढतोय ते बघतील, गरज वाटली तर हाडांच्या वयाचा एक्स-रे आणि थायरॉइड. वाढ अचानक मंदावली असेल किंवा हातपाय धडाच्या मानाने आखूड असतील, तर एखाद्या मोठ्या परिणामाच्या जनुकाचा शोध घेण्यात अर्थ असतो. पण ती चाचणी वेगळी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर करायची.

सागरिका_वाशी

मनापासून आभार. गेल्या वर्षीच्या शाळेच्या तपासणीचा कागद आहे, तो घेऊन जाते.

खारभूमी

भातावर लिहायला हात शिवशिवतायत. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकलो, आता पनवेलला असतो.

आधी एसडी-१ का चाललं ते सांगतो, कारण बुटकी करणारी जनुकं भातात कितीतरी आहेत आणि बहुतेक निरुपयोगी. त्यांनी रोप खुजं होतं, लोंबीही खुजी होते, दाणा भरत नाही. एसडी-१ बिघडलं की खोडात जिबरेलिन हे संप्रेरक कमी तयार होतं आणि कांडी आखूड राहतात. पण फुलोऱ्यात तेच काम करणारं दुसरं भावंड जनुक शाबूत असतं, त्यामुळे दाण्याला धक्का लागत नाही. परिणाम मोठा पण एकाच जागी, म्हणून ते उपयोगी. गंमत म्हणजे मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यातही जिबरेलिन तयार करणारंच एक जनुक बिघडलेलं आहे, हे १९९७ मध्ये कळलं.

जुनं उंच भात नत्र जास्त झालं की लोळायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एका जोराच्या सरीत अख्खं खाचर आडवं, लोंब्या चिखलात, दाण्याला तिथेच मोड. बुटकं भात युरिया पचवून उभं राहिलं. पण माझी आजी आयआर-८ ला नावं ठेवायची, आणि तिचं म्हणणं योग्य होतं. पेंढा आखूड. गुरांना काय घालायचं आणि गोठ्यावर काय शाकारायचं? उत्पादन म्हणजे फक्त दाणा, हे सरकारने ठरवलं. शेतकऱ्याच्या हिशेबात पेंढाही होता.

आता आपल्या पट्ट्याचं. ठाण्यापासून उरण-पेणपर्यंत खाडीकाठच्या जमिनी खाऱ्या. बांधाला खांड गेली किंवा उघाडीची झडप निकामी झाली की भरतीचं पाणी खाचरात, आणि मग दोन-तीन पावसाळे ती जमीन धुऊन निघेपर्यंत वाट बघायची. अशा जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या ‘राता’ टिकला: काळा राता, भुरा राता, लाल तांदूळ. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण आले. पहिल्या दोघांत एकीकडचा पालक आयआर-८ आणि दुसरीकडचा भुरा राता. उत्पादनासाठी एक, मिठासाठी दुसरा.

मिठाच्या बाबतीतही मोठ्या परिणामाची जागा सापडली आहे. केरळच्या ‘पोक्काली’ भातातल्या पहिल्या गुणसूत्रावरच्या तुकड्याला ‘सॉल्टॉल’ म्हणतात. त्याच भागातलं एक जनुक २००५ मध्ये ‘नोना बोकरा’ या दुसऱ्या खारं सोसणाऱ्या भातात नेमकं ओळखलं गेलं. मुळातून वर चढणाऱ्या रसातलं सोडियम ते वाटेतच काढून घेतं, पानांपर्यंत पोचू देत नाही.

पण इथे सावध राहायला हवं. सॉल्टॉलचा जोर रोप लहान असताना दिसतो. फुलोऱ्याच्या वेळी खारं पाणी आलं तर पळिंज होतं, म्हणजे दाणे पोकळ राहतात, आणि तिथे दुसरीच जनुकं लागतात, ज्यांचा प्रत्येकी परिणाम लहान. ‘खारं सोसणं’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार-पाच वेगळे गुण दडलेले असतात. एका टप्प्याला एक मोठं जनुक पुरतं, दुसऱ्याला नाही.

याच्या उलट उदाहरण बुडण्याचं. ओडिशाच्या ‘एफआर-१३ए’ भातातली बुडणं सोसायला लावणारी सब-१ ही जागा नवव्या गुणसूत्रावर. ज्या संकरात ते शोधलं, त्यातला जवळपास ७० टक्के फरक त्या एका जागेचा निघाला! नेमकं जनुक २००६ मध्ये ओळखलं. साधं भात बुडालं की पाण्यावर डोकं काढायला धडपडतं आणि साठवलेली साखर संपवून मरतं. सब-१ असलेलं वाढ थांबवून थांबून राहतं, दोन आठवड्यांपर्यंत. पाणी ओसरलं की पुन्हा फुटवे. स्वर्णा वाणात ते संकर-प्रतिसंकर करून घातलं, आणि स्वर्णा-सब१ भारतात २००९ मध्ये आलं. शेतकऱ्याला स्वर्णाच हवा होता. तो स्वर्णाच राहिला, फक्त बुडायचा थांबला.

घणसोलीकर

खारभूमीदादा, ‘एका दमात म्हणतो’ हे वाक्य वर्गात सांगणार. ते ७० टक्के ‘त्या संकरातले’, हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत. एक पालक सोसणारा, एक न सोसणारा, म्हणजे संततीत दोन्ही रूपं निम्मी निम्मी. सूत्रातला गुणाकार तिथे सर्वात मोठा असतो. तेच जनुक मोकळ्या शेतशिवारात, जिथे ते विरळ आहे, मोजलं असतं तर टक्का घसरला असता.

माणदेशी

मुक्काम कोपरखैरणे, वडील मार्केटला माथाडी होते. मूळ गाव फलटण तालुक्यात आणि चुलत्यांकडे अजून मेंढरं आहेत. म्हणून हे लिहितो, कारण आपल्या राज्यातलं इतकं चांगलं काम कुणाला माहीत नसतं.

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण दोन-तीन देते. याला कारण तिच्यातलं फेक-बी हे जनुक, ज्यातला नेमका बदल २००१ मध्ये कळला. ऑस्ट्रेलियातल्या ‘बुरूला’ मेरिनोत तोच बदल आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, डॉ. चंदा निंबकरांच्या पुढाकाराने, हे जनुक गरोळमधून दख्खनीत आणलं. नारी सुवर्णा ती हीच. एक प्रत आली की पुष्कळ मेंढ्या जुळं देतात.

यात एक अडचण होती ती समजून घ्या. नर कोकरं देत नाही. नराकडे बघून त्याच्यात जनुक आहे की नाही हे ओळखायची सोयच नाही. पूर्वी त्याच्या लेकी व्यायच्या होईपर्यंत थांबावं लागे. जनुक एकच आणि मोठं असल्यामुळे रक्ताच्या नमुन्यावरून नर निवडता येऊ लागला. हजार जागांचा गुण असता तर फलटणच्या माळावर हे जमलं नसतं.

चुलते मात्र एक गोष्ट सांगतात. जुळं देणं जनुकाच्या हाती, जुळं जगवणं चाऱ्याच्या हाती. वाटेवर फिरणाऱ्या कळपात, उन्हाळ्यात, दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईला उतरत नाही. विण्याच्या आधी आणि नंतर खुराक वाढवला तरच नफा, नाहीतर एक कोकरू दगावतं आणि दुसरं रोड राहतं.

पेशीकेंद्र

माणदेशी, सुंदर प्रतिसाद. बेल्जियन ब्ल्यू गायींत स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातली ११ अक्षरं गळालेली आहेत, १९९७ मध्ये सापडलं. मांस भरमसाट, पण वासरू इतकं मोठं की बहुतेक गायींचं सिझेरियन करावं लागतं. मोठ्या परिणामाची किंमत कुणीतरी मोजतंच.

मात्र निसर्गात मोठी जनुकं टिकतच नाहीत असंही नाही. अटलांटिक सामन मासा समुद्रातून नदीत परततो तो कितव्या वर्षी, या फरकातला ३९ टक्के वाटा व्हीजीएलएल-३ या एका जागेचा निघाला, २०१५ साली. ते टिकलं कारण मादीला उशिरा, मोठं होऊन परतणं फायद्याचं आणि नराला लवकर. एकच रूप दोघांना सोयीचं नाही, त्यामुळे दोन्ही रूपं राहतात.

आणखी एक सावधगिरी. विल्यम बीविस यांनी नव्वदच्या दशकात संगणकावर करून दाखवलं होतं की संकराची शंभरच संतती तपासली तर सापडलेल्या जागांचा परिणाम खऱ्यापेक्षा कितीतरी फुगून दिसतो. हजार तपासली की आकडा जागेवर येतो. वर्तमानपत्रात ‘अमुक गुणाचं जनुक सापडलं’ वाचलं की आधी नमुना किती होता ते बघावं.

नौपाडा_जुना

वाचत होतो, शेवटी लिहायचं ठरवलं. वडिलांना ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, काकांना ४८ व्या. दोघंही सडपातळ, घरी साधं जेवण. परवा धाकट्या भावाचा रिपोर्ट आला, वय ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २३०. माझं ११०. एकाच घरात, एकाच ताटात जेवून इतका फरक? हे हजार जनुकांचं की एका मोठ्याचं?

डॉ_कळवा

नेमका प्रश्न आहे. बहुतेकांचं वाढलेलं कोलेस्टेरॉल हे अनेक लहान जनुकं आणि राहणीमान यांचं मिळून असतं. पण तुम्ही लिहिलेलं चित्र, म्हणजे औषध न घेता एलडीएल १९० च्या वर, कमी वयात झटके आणि भावंडांत असे दोन सरळ गट, हे एकाच मोठ्या जनुकाकडे बोट दाखवतं. याला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. जगात साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला. बहुतेक वेळा रक्तातलं एलडीएल उचलणाऱ्या रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं असतं. हे काम ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांचं, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

फोरमवर निदान होत नाही, त्यामुळे भावाला या आठवड्यातच हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. टाचेच्या मागच्या शिरेवर (अकिलिस टेंडनवर, रक्तवाहिनीवर नव्हे) जाडसर गाठ लागते का ते बघायला सांगा. थायरॉइड तपासून घ्या, त्यानेही एलडीएल वाढतं. पथ्य हवंच, पण एवढा आकडा नुसत्या पथ्याने उतरत नाही. त्याने स्वतःला दोष देत बसू नये, औषध लवकर सुरू झालं पाहिजे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या: स्टॅटिन, लागल्यास इझेटिमाइब. त्यापुढे पीसीएसके-९ जनुकाचं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं. त्यांची गोष्टही याच धाग्यातली: २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही घराण्यांत या जनुकाच्या अतिक्रियाशील रूपामुळे कोलेस्टेरॉल चढलेलं दिसलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हे जनुक बंद असलेली माणसं अमेरिकेत सापडली. त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी, हृदयविकार फारच कमी आणि बाकी तब्येत ठणठणीत. ते बघूनच औषधाची दिशा मिळाली आणि २०१५ मध्ये इंजेक्शनं बाजारात आली.

नौपाडा_जुना

डॉक्टर, भावाला दोन मुलं आहेत, सात आणि अकरा. त्यांचं रक्त आत्ताच तपासायचं का? वहिनी घाबरली आहे. आणि आमची आत्या डोंबिवलीला आहे, तिलाही सांगावं लागेल ना?

डॉ_कळवा

आत्यांना आजच फोन करा. वडील आणि काका दोघांना असेल तर त्यांनाही असण्याची शक्यता निम्मी, आणि पुढे त्यांच्या मुलांपर्यंत जाऊ शकतं. त्यांना साधी लिपिड तपासणी पुरे, जनुकीय चाचणीची वाट बघू नका.

भावाचं निदान पक्कं झालं तर मुलांचीही करायची, साधारण दहाव्या वर्षाच्या आत झालेली बरी. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाची लगेच. प्रत्येकाला मिळण्याची शक्यता निम्मी, एकाला आहे म्हणून दुसऱ्याला नाही असा हिशेब नसतो. वहिनींना सांगा, या वयात सापडलं तर झटक्याच्या कितीतरी वर्षं आधी सापडलं. औषध सुरू करायचं का आणि कधी, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही स्टॅटिन देतात आणि ते बऱ्याच वर्षांपासून चालत आलं आहे. शाळा, खेळ, पोहणं काहीही बंद करू नका.